मासा, खिडकी आणि स्टूल

एल्को, नेवाडा
२९ जानेवारी १९८०

बाबा,

हे पत्र लोरीन तुम्हाला वाचून दाखवणार, म्हणून पहिले दोन शब्द तिच्याशी. लोरीन, फाडू नकोस. माझी बहीण म्हणून वाचू नकोस, बाबांचा चष्मा म्हणून वाच. आणि मधे मधे सुस्कारे टाकू नकोस, बाबांना वाटेल ते मीच टाकलेत.

बाबा, नाणी मिळणार आहेत. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं तुम्ही ऐकाल की नाही, ठाऊक नाही. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. होल्कम्बच्या व्हॅनमध्ये एक निळं पिंप आहे, त्यात ती आहेत. तो काल सकाळपर्यंत इथंच होता. मोटेलवाली म्हणाली, बिल दिलं, वर दोन टॉवेल घेऊन गेला. मी एक दिवस चुकलो. ट्रकचा पट्टा तुटला नसता तर चुकलो नसतो. पट्टा बसेपर्यंत मी एका कपडे धुण्याच्या दुकानात बसलो होतो, तिथं एक कुत्रा मशीनच्या काचेसमोर बसून आतले कपडे फिरताना बघतो. मशीन थांबलं की भुंकतो. बाई त्याच्यासाठी रिकामंच मशीन चालू करते. तुम्हाला हे सांगायचंच होतं असं नाही, पण तास दीड तास मी तेच बघत होतो, म्हणजे एक दिवस कसा चुकतो ते असं.

लोरीनला होल्कम्ब कोण ते नीट माहीत नसेल. चांदी रोज वर चढायला लागल्यापासून गावोगाव मोटेलात खोली घेऊन बसणारी जी माणसं आली, त्यांतला एक. पेपरात जाहिरात, दारावर पाटी, टेबलावर तराजू. लोक आजीचे चमचे आणतात, लग्नातले मेणबत्तीचे दिवे आणतात आणि नाणी तर पिशव्या भरभरून. मी तीन आठवडे त्याची व्हॅन चालवली आणि नाणी निवडली. मला शिकवायला लागलंच नाही. होल्कम्ब म्हणायचा, "तुला कुणी शिकवलं रे हे?" मी म्हणायचो, आमच्या म्हाताऱ्यानं. छाती फुगायची माझी, खोटं नाही सांगत.

निवडायची रीत सोपी. करकरीत, हात न लागलेली नाणी बाजूला. झिजलेली पोत्यात. आणि भोक पाडलेली, घासून चकचकीत केलेली, वर काही ठोकलेली, ती पिंपात. पिंपातली भट्टीत जातात.

तुमची सगळी ठोकलेली होती, बाबा. शंभर वर्षांपूर्वी चीनच्या व्यापारासाठी पाडलेले ट्रेड डॉलर, आणि प्रत्येकावर तिकडच्या व्यापाऱ्यांचे ठसे. कुणाच्या हाती नाणं आलं की तो चांदी खरी आहे का बघायचा आणि आपला ठसा मारायचा. नाण्यांच्या किमतीच्या पुस्तकात त्यांना 'जखमी' म्हणतात. तुम्ही 'वाचलेली' म्हणता. चाळीस वर्षं पेपरच्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारा माणूस दुसरं काय म्हणणार! दुकानदार ज्या बशीत टाकाऊ माल ठेवतात, त्या बशीतून तुम्ही ती एकेक करून घेतलीत. हे सगळं मला माहीत होतं. पण तीन आठवडे दिवसभर एकच काम केलं की डोळ्याला तेवढंच दिसतं.

मला खरंच वाटलं की मी तुमच्यासाठी चांगलं करतोय. त्रेचाळीस जखमी नाण्यांच्या बदल्यात होल्कम्बकडून एक निष्कलंक. सगळे संग्राहक हेच करतात, वरच्या दर्जाला जातात. तुमच्या वाढदिवसाला मी ती प्लास्टिकची डबी तुमच्या हातात दिली, तेव्हा तुम्ही चारी कोपऱ्यांचे स्क्रू चाचपलेत.

"हे काय? साबणाची डबी?"

"नाणं आहे बाबा. १८७७चा ट्रेड डॉलर, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतला. एक ओरखडा नाही. तेव्हापासून आजवर कुणाचं बोट लागलेलं नाही."

"काढ बाहेर."

"काढायचं नसतं ते. बोट लागलं की डाग पडतो, किंमत निम्मी."

"मग मी त्याचं काय करू, डेन्झिल?"

लोरीन केक कापत होती, तिची सुरी थांबली. तुम्ही तुमच्या नाण्यांची पेटी मागितलीत. मी सांगितलं. तुम्ही मला शिव्या दिल्या असत्यात तर मी पण काहीतरी बोललो असतो. तुम्ही म्हणालात, "लोरीन, ह्याला केक बांधून दे. ह्याला जायचंय."

बास. त्यानंतर एक शब्द नाही, फोनवर सुद्धा नाही.

मी नाणी घेऊनच येतो. इथल्या पोस्टात माझ्या नावानं पत्र टाकलंत तर मला मिळेल.

डेन्झिल


वेंडोव्हर, यूटा
९ फेब्रुवारी

बाबा,

लोरीनचं कार्ड मिळालं. तीन वाक्यं. "बाबा रोज दुपारी रिकामी पेटी मांडीवर घेऊन बसतात. मखमलीच्या खाचांतून बोट फिरवतात आणि कुठल्या खाचेत काय होतं ते मला सांगतात. फोन करू नकोस." कार्डावर सशाचं चित्र आहे, एवढ्या मोठ्या शिंगांचा ससा. लोरीन, तुझ्याकडे दुसरं कार्ड नव्हतं का? मी ते वाचताना ससा हसत होता.

होल्कम्ब सापडला. इथल्या कॅसिनोच्या कॅफेत चेरी पायचा तुकडा खात होता. मी समोर जाऊन बसलो.

"अरे, डेन्झिल पेंगली! ये ये. चेरी पाय घे. सफरचंदाचा घेऊ नको, डब्यातला आहे."

मी म्हटलं, "माझ्या वडलांची नाणी परत पाहिजेत."

"कुठली?"

"ट्रेड डॉलर. त्रेचाळीस. ठशांचे."

"हां, ते चिनी गोंदवलेले." त्यानं काटा चाटला. "ते गेले की. सोमवारीच पिंप रवाना केलं सॉल्ट लेकला. भट्टीवर."

"मी ते एक नाणं तुम्हाला परत देतो. डबी उघडलेलीसुद्धा नाही."

"पोरा, मला ते नाणं नको आणि तुझ्या म्हाताऱ्याची नाणी माझ्याकडं नाहीत. आता आपण दोघं काय करणार, सांग बरं? आणि वर तुला दोनशे दिले होते, विसरलास?"

ते दोनशेचं नंतर सांगतो.

माणूस वाईट नाही हो तो. त्यानं रुमालावर भट्टीचा पत्ता लिहून दिला. वर म्हणाला, "तोंड नको पाडूस. सगळ्या देशाची चांदी तिथं येऊन पडलीय. आवारात पिंपांच्या रांगा लागल्यात. दोन दोन महिने नंबर लागत नाही. पळ."

दोन महिने, बाबा! म्हणजे अजून वेळ आहे. मी आज मिठाच्या मैदानावरून निघतोय. सगळं पांढरं, रस्ता सरळ, मधे एक वळण नाही. असल्या रस्त्यावर माझ्यासारख्याला झोप येते, पण आज येणार नाही.

लोरीन, त्यांना विचार, पहिल्या रांगेत तिसऱ्या खाचेत काय होतं. मला आठवत नाही असं नाही. सहज विचारतोय.

डेन्झिल


सॉल्ट लेक सिटी
२६ फेब्रुवारी

बाबा,

मी भट्टीवर कामाला लागलो.

आधी फाटकावरच अडवलं होतं. मी पहारेकऱ्याला सांगितलं, एका पिंपातून नाणी काढून घ्यायचीत, तेवढ्या वजनाची दुसरी चांदी भरून देतो. तो म्हणाला, "आज सकाळपासून तू सातवा. एका बाईला नवऱ्यानं विकलेला चहाचा सेट पाहिजे, एकाला शर्यतीत जिंकलेला कप. रांगेत उभा राहा, पण रांग कशाची ते मला विचारू नको." मग मीच विचारलं, आत माणसं लागतात का? तो म्हणाला, हात आहेत ना दोन, मग लागतात.

म्हणून आत आलो. माझा मुकादम व्हॉन. जाडजूड माणूस, चर्चमधला मोठा कुणीतरी आहे, कधी शिवी देत नाही. अगदीच डोकं फिरलं तर म्हणतो, "अरे, माझ्या पावट्या!" मला आठवड्यातून वीस वेळा पावटा म्हणतो. आवार केवढं आहे, सांगू? आपल्या गावची शाळा आणि मैदान मिळून. पिंपं एकावर एक. पाऊस पडला की सगळीकडून टणटण वाजतं. काही पिंपं उघडी आहेत, त्यांत बर्फ साठतो आणि बर्फातून चमच्यांचे दांडे वर आलेले असतात.

पिंपांवर नावं नसतात, नंबर असतात. कुठला नंबर कुणाचा ते वहीत, आणि वही ऑफिसात. मी जेवणाच्या सुट्टीत निळी पिंपं बघत फिरतो. आत्तापर्यंत अकरा निळी उघडली. एकात सगळे चर्चचे पेले होते. एकात लहान मुलांचे खुळखुळे, शेकड्यांनी. कोण विकतं खुळखुळे?

बाबा, आज काम करताना रविवार आठवला. पॅनकेक झाले की तुम्ही टेबल पुसायचात, पेटी आणायचात आणि मला डोळे मिटायला सांगायचात. माझ्या तळहातावर नाणं ठेवायचात. मी अंगठा फिरवायचा आणि ठसा कशासारखा लागतो ते सांगायचं.

"मासा."

"कुठं?"

"नाण्यावरच्या बाईच्या गुडघ्याखाली. खिडकी वर, हाताशी."

"आणि?"

"स्टूल."

"शाबास! ह्या पोराच्या बोटांना डोळे आहेत, लोरीन, बघ."

तेव्हा तुम्हाला सगळं दिसत होतं, तरी तुम्ही डोळे मिटूनच बघायचात. मी म्हणायचो, बाबा, हे काय नाटक. तुम्ही म्हणायचात, खिळा उलटा असतो, डोळा फसतो, बोट फसत नाही. मागच्या उन्हाळ्यात उजवा डोळा गेला, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला डावा, तेव्हा डॉक्टर लोरीनला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात सांगत होता आणि तुम्ही आतून ओरडलात, "मला माझी पेटी पुरे आहे, तुम्ही जा!" मी दारात उभा होतो. मी ते ऐकलं होतं, बाबा. जानेवारीत पेटी उचलली तेव्हा मी ते ऐकलेलं होतं.

इथं जाड कातडी हातमोजे देतात. ते घातले की हाताला काहीच कळत नाही, गरम सुद्धा उशिरा कळतं. काढले की व्हॉन ओरडतो.

नाणी मिळतील. अजून शंभर तरी पिंपं बघायची राहिलीत.

डेन्झिल


सॉल्ट लेक सिटी
२१ मार्च

बाबा,

लोरीन, हे पत्र आधी तू एकटी वाच. मग ठरव. मी इतके दिवस तुझं काही ऐकलं नाही, हे मात्र तुझ्यावर टाकतो.

काल व्हॉननं विचारलं, "पेंगली, तू जेवत का नाहीस? रोज पिंपांत काय डोकावतोस? चोरी करायची असती तर आत्तापर्यंत केली असतीस, एवढा मठ्ठ चोर मी बघितला नाही." मी सांगितलं. सगळं. तो ऐकत होता, मग ऑफिसात गेला आणि वही घेऊनच आला. बोटाला थुंकी लावून पानं उलटली.

"होल्कम्ब. ४ फेब्रुवारी. एक पिंप. नंबर तीनशे अठरा. पण तुझं निळं पिंप गळकं होतं, म्हणून माल दोन तपकिरी पिंपांत ओतलाय. हे बघ."

"ती तपकिरी कुठंयत?"

त्यानं बोट खाली नेलं. मग वही मिटली. मी ती परत उघडली.

१९ फेब्रुवारी. दुसरी पाळी. दोन्ही भट्टीत. १९ फेब्रुवारी हा माझा कामाचा दुसरा दिवस, बाबा. दुसरी पाळी माझी. त्या दिवशी पिंपं उचलायची साखळी अडकली होती म्हणून दोघादोघांनी पिंपं हातांनी कलंडवली. एका बाजूला मी होतो. मला तो दिवस नीट आठवतो, कारण माझी पाठ धरली होती आणि व्हॉन सारखा म्हणत होता, चला पावट्यांनो, भट्टी थांबत नसते. आम्ही नऊ पिंपं ओतली. त्यांत निळं एकही नव्हतं. मी निळंच बघत होतो.

व्हॉन म्हणाला, "तुला कसं कळणार होतं? हातमोजे, धूर."

मी म्हटलं, "हो."

तो म्हणाला, "घरी जा."

मी म्हटलं, "हो."

आता ते दोनशेचं. होल्कम्बनं नाणं दिलं ते दिलंच, वर दोनशे डॉलर रोख दिले. ते मी ट्रकच्या गिअरबॉक्सला घातले. गिअरबॉक्स कशाला, तर मला जायचं होतं. ऑरेगॉनला की कुठं, ते ठरलं नव्हतं, माझं कधी ठरलेलं असतं? पण तुमचे डोळे गेल्यापासून घरात मला श्वास घेता येत नव्हता. लोरीन तुमच्या बशीत कुठं बटाटा आणि कुठं मटण ते घड्याळाच्या काट्यांसारखं सांगायची, तीनला बटाटा, नवाला मटण, आणि मी खिडकीतून रस्ता बघायचो. मला वाटलं, जाताना तुम्हाला काहीतरी मोठं देऊन जावं. गावात कुणाकडं नाही असं. मग कुणी म्हणणार नाही की पोरगा आंधळ्या बापाला टाकून गेला. म्हणतील, काय नाणं देऊन गेला! तुम्ही "ह्याला जायचंय" म्हणालात. तुम्हाला कसं कळलं, हे मी दोन महिने स्वतःला विचारतोय. ट्रकच्या आवाजावरून कळलं असेल. नवा गिअर वेगळा वाजतो.

आणि शेवटचं. पहिल्या पत्रात मी असं लिहिलं की जसं काही होल्कम्बनंच ती नाणी पिंपात टाकली. त्यानं नाही टाकली. तो बाहेर सिगरेट ओढत होता. पेटी मी उघडली. पहिल्या रांगेतलं तिसरं नाणं मी हातात घेतलं, कारण ते माशाचं होतं, आणि मनात आलं, हे एक ठेवावं का? एकच. म्हाताऱ्याच्या खिशात राहील. मग वाटलं, त्रेचाळीसचा सौदा ठरलाय, बेचाळीस निघाली तर होल्कम्ब म्हणेल पोरगा हातचलाख आहे. म्हणून तेही टाकलं. होल्कम्बनं मोजलीसुद्धा नाहीत. वजन केलं.

त्यांचा आवाज मला आठवतो. मखमलीतून निघून पत्र्यावर पडली.

मी दोनदा ओतली बाबा ती. एकदा बघून, एकदा न बघता.

डेन्झिल


सॉल्ट लेक सिटी
३० मार्च

बाबा,

लोरीनचं दुसरं कार्ड आलं. ह्यावर ससा नाही, साधंच आहे. ती लिहिते, तिनं माझं पत्र तुम्हाला पूर्ण वाचून दाखवलं, काही गाळलं नाही. तुम्ही म्हणालात, ती डबी आण, आणि स्वयंपाकघरातला चाकू घेऊन एकेक स्क्रू स्वतः काढलात. नाणं हातात घेतलंत. दोन्ही बाजूंनी अंगठा फिरवलात. एकदा, दोनदा. लोरीन म्हणते, तिला वाटलं आता खिशात टाकतील. तुम्ही टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, "कोरं आहे. ह्याला अजून कुणी काही विचारलंच नाही." आणि पेटी मागितलीत. रिकामी.

म्हणजे ते नाणंही गेलं. आता त्याच्यावर तुमच्या अंगठ्याचा डाग असेल, महिन्याभरात काळपट दिसेल. एवढंच मला जरा बरं वाटलं, का ते माहीत नाही.

चांदी कोसळली, रेडिओवर ऐकलं असेल. गुरुवारी एका दिवसात अर्धी झाली. आता फाटकावर पिंपं घेऊन कुणी येत नाही. आम्हा सतरा जणांना काढलं. आवारात अजून रांगाच्या रांगा उभ्या आहेत, आता त्यांची कुणाला घाई नाही. व्हॉननं हात मिळवला, म्हणाला, "पेंगली, अजून घरी गेला नाहीस?" मी म्हटलं जातो. त्याच्या बायकोनं गाजर घातलेली हिरवी जेली दिली, ती मी बाकावर बसून खाल्ली. तुमची नाणी पाच आठवडे मागं राहिली असती तर तिथंच असती. मी हे रोज धरून बसतो.

आता ऐका. लोरीन, तू पण ऐक, तुझं काम आहे.

मला वाटलं, नाणी गेली तर गेली, ठसे तरी मी तुम्हाला परत देईन. सुई आणली. जाड कागद आणला. मागच्या बाजूनं सुईनं टोचत गेलं की पुढं उंचवटे येतात, तुम्हाला बोटानं लागतील. त्रेचाळीस नाणी, प्रत्येकाचा एक कागद, लोरीन ते कापून खाचांत ठेवेल, असा सगळा बेत केला. ह्या खोलीत दोन दिवस झाले त्याच्यावर बसलोय.

पहिल्या कागदावर मासा आहे. लोरीन, बाबांचं बोट डाव्या कोपऱ्यात ठेव. तो मासा. शेपटी खाली. बरोबर आहे ना बाबा? शेपटी खालीच होती.

त्याच्या वर खिडकी. चौकोन आणि आत अधिकची खूण. ही सोपी होती.

मग स्टूल. स्टुलाला तीन पाय होते की चार, हे मला आठवेना. मी तीन टोचले. मग कागद फाडला, दुसरा घेतला, चार टोचले. मग डोळे मिटून बसलो, अंगठा तळहातावर फिरवला, जसा रविवारी फिरवायचो तसा. अंगठ्याला काहीच आठवत नाही, बाबा.

आणि का आठवत नाही ते मला माहीत आहे. मी डोळे कधी मिटलेच नव्हते. तुम्ही मिटायचात, म्हणून तुम्हाला कळलं नाही. मी किलकिले ठेवायचो, पापणीखालून बघायचो, आणि म्हणायचो मासा, आणि तुम्ही लोरीनला म्हणायचात, ह्या पोराच्या बोटांना डोळे आहेत. मला ती शाबासकी पाहिजे असायची. बोटांना कधी काही शिकवलंच नाही. त्या भट्टीवर मी हातमोज्यांना बोल लावला. हातमोजे नसते तरी काय झालं असतं?

आणि डोळ्यांनी बघितलं ते मी नीट बघितलं असं तरी कुठं आहे? जिंकण्यापुरतं बघितलं. त्रेचाळीसपैकी एका नाण्यावरचे अडीच ठसे मला येतात. बाकीची बेचाळीस फक्त तुम्हाला माहीत होती, आणि आता तुम्ही लोरीनला रिकाम्या खाचा दाखवत तेच सांगताय. ती लिहून घेत असेल तर बरं. मी तिला लिही म्हणणार नाही, मला तो अधिकार नाही.

मी घरी येत नाही. येऊ नको असं तुम्ही म्हणालात असं नाही. पण ये असंही कार्डावर नाही. लोरीन असलं विसरणारी नाही.

तर हा कागद पाठवतोय. मासा आहे, खिडकी आहे, स्टूल चार पायांचं आहे, चुकलं असेल तर तुम्हाला हात लावल्याबरोबर कळेल. मी डोळे मिटून तपासून बघितलं, मला तर नुसते खडबडीत ठिपके लागतात.

लोरीन, स्टुलाच्या उजवीकडं त्यांचं बोट जाऊ देऊ नकोस. तिथून पुढं कागद कोरा आहे.

डेन्झिल